वापरणारे नऊ

“पण तू नसलास, तर हे चालवतं कोण?”

वालपापडीच्या शिरा काढता काढता बाईंनी विचारलं. आवाज अगदी साधा होता, चौकशी केल्यासारखा.

परागला मात्र तो प्रश्न झोंबला. पुण्याहून फलटणपर्यंत एसटीत उभ्याने तो काही हा प्रश्न ऐकायला आला नव्हता. तो आला होता बाईंचं नाव मागायला.

“नऊ जण वापरतात, बाई. लिहिलंय की.”

“कुठे?”

“तिसऱ्या पानावर. ‘वापरणारे : नऊ.’”

बाईंनी मान हलवली आणि पुढची शेंग उचलली.

प्रकरण असं होतं. बऱ्याच संगणकांनी मिळून एखादं काम चालवलं, की ते कधीतरी रेंगाळायला लागतं, आणि नेमकं कुठल्या यंत्रापाशी अडलंय ते कुणाच्या बापाला कळत नाही. ती अडलेली जागा हुडकून काढणारं एक साधन पराग खडपे याने लिहिलं होतं. त्याचं नाव ‘मागोवा’. आठ वर्षं तो त्याच्या मागे लागला होता. तेवढ्या काळात त्याचं टक्कल पडलं, चष्म्याचा नंबर वाढला आणि बरोबरीचे लोक कुठल्या कुठे पोचले.

आता त्याच्या संस्थेने विचारलं होतं, तुमच्यानंतर याचं काय? बाहेरच्या लोकांनी मागोवा उचलल्याचं काही चिन्ह जूनपर्यंत दिसलं नाही, तर तो गुंडाळायचा.

चिन्ह मिळण्याची जागा एकच होती. डिसेंबरात बंगळूरला संगणक-प्रणालींच्या संशोधकांची मोठी परिषद भरणार होती. तिथे अर्ध्या दिवसाचं ट्युटोरियल घ्यायला मिळालं, तर चाळीस माणसं एका खोलीत बसून मागोवा शिकतील. नुसता प्रस्ताव मंजूर झाला, तरी संस्था वर्षभर थांबायला तयार होती.

प्रस्ताव पाठवायची मुदत आज संध्याकाळी साडेपाच वाजता संपत होती.

गेल्या वर्षीही त्याने पाठवला होता. समितीने एका ओळीचा शेरा मारून परत केला. ‘शिकणाऱ्यांच्या हाती काय लागेल, ते कळत नाही.’ ती ओळ परागला अंघोळ करतानासुद्धा आठवायची आणि पाणी थंड वाटायला लागायचं.

यंदा त्याने तोड काढली होती. शिकवणारे म्हणून दोन नावं देता येत होती. दुसरं नाव सुमन शिंगटे असं घातलं, की काम फत्ते. पुण्यात पस्तीस वर्षं त्यांनी प्रयोगशाळा चालवली होती आणि समितीतले अर्धेअधिक लोक त्यांच्या हाताखालून गेलेले. निवृत्त होऊन त्या गावी येऊन राहिल्या, त्यालाही आता चौदा वर्षं झाली होती. वय चौऱ्याहत्तर. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

“बाई, तुम्हाला काही करायचं नाही,” पराग म्हणाला. “फक्त हो म्हणा.”

“वाचून दाखव.”

“सहा पानं आहेत.”

“मग पूर्वतयारीचं वाच. शिकायला येणाऱ्याला आधी काय काय यायला हवं?”

परागने वाचलं. अकरा गोष्टी होत्या. आठवीपर्यंत आला तेव्हा बाईंनी हात वर केला.

“एवढं ज्याला येतं, तो तुझ्याकडे कशाला येईल?”

“पण एवढं येत नसेल तर त्याला कळणार नाही, बाई!”

“हं...”

बाईंनी पुढच्या तीन शेंगा निवडल्या. परागचा पाय टेबलाखाली हलत होता. तो हलतोय हे त्याला कळत होतं, पण थांबवता येत नव्हतं.

“आधी कुठे घेतलंयस हे?”

“दोनदा. नागपूरला आणि गोव्याला.” इथे त्याचा चेहरा खुलला. “दोन्हीकडे सगळ्यांच्या मशीनवर चाललं. एकही मागे राहिला नाही.”

“वा. कसं काय?”

“मी फिरत होतो ना बाकांमधून. कुणाचं अडलं, की सरका म्हणायचं, दोन मिनिटांत करून द्यायचं...” आणि त्याची बोटं हवेतच टपटप चालली.

बाई त्या बोटांकडे बघत राहिल्या.

“घरी गेल्यावर त्यांनी चालवलं का?”

“ते... विचारलं नाही.”

“आणि हे तुझे नऊ जण. त्यांच्या मशीनवर मागोवा बसवला कोणी?”

“मीच. पटकन होतं ना मी केलं की.”

“नऊच्या नऊ?”

“...हो.”

बाईंनी ताट खाली ठेवलं आणि पदराला हात पुसले. आता त्या हो म्हणतील असं परागला वाटलं. त्याने लॅपटॉपवर फॉर्ममधला दुसऱ्या नावाचा रकाना उघडूनही ठेवला.

“माझं एक काम करशील?”

“सांगा ना.”

“इथल्या वाचनालयाची पुस्तकांची यादी मी या दोन मशीनवर चालवते.” खोलीच्या कोपऱ्यात दोन जुनाट संगणक घरघरत होते. “पुस्तकाचं नाव टाकलं, की उत्तर यायला अर्धं मिनिट जातं. लोक वाट बघून निघून जातात. दोन दिवाळ्या होऊन गेल्या, मला काही कारण सापडेना. तुझा मागोवा लावून बघू या का?”

पराग उठलाच. मशीन जुनी, डिस्क थकलेली, आणखी काय असणार! वीस मिनिटांचं काम. मग बाईंना नाही म्हणायला तोंडच उरणार नाही. तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसला आणि त्याने कीबोर्ड पुढे ओढला.

“तिथे मी बसणार आहे,” बाई म्हणाल्या.

“अहो, मी पटकन...”

“ऊठ.”

तो उठला. बाई बसल्या, चष्मा लावला. नवख्यांसाठी परागने लिहिलेला, त्याने बरोबर आणलेला दोन पानी कागद त्यांनी समोर टेकवून ठेवला आणि पहिली ओळ मोठ्याने वाचली. मग एका बोटाने, एकेक अक्षर हुडकत, ती टाकली. साऱ्या देशाला संगणक शिकवलेली ही बाई अजून एका बोटाने टंकते हे परागला माहीत होतं. विसरला होता एवढंच.

पहिली पायरी झाली. दुसऱ्या पायरीला बाई थांबल्या.

परागचा हात त्यांच्या खांद्यावरून पुढे गेला, दोन कळा दाबल्या आणि परत आला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी शांतपणे त्या दोन कळांनी उमटलेलं पुसून टाकलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

या खेपेला हात पुन्हा पुढे गेला. परागने तो मुद्दाम नेला नव्हता, तो आपोआप गेला.

बाई उठल्या. टेबलाचा खण उघडून त्यांनी किल्ल्यांचा एक जुडगा काढला. पितळेच्या, जाड, जुन्या किल्ल्या.

“हे धर.”

“कशाला?”

“दोन्ही हातांनी. पाठीमागे.”

परागने जुडगा ओळखला. प्रयोगशाळेत बाई मुलांच्या मागे उभ्या असायच्या तेव्हा हाच त्यांच्या पाठीमागे किणकिणायचा. तास तासभर त्या तशाच, हात मागे बांधून. बाईंना कंबरदुखी आहे यावर साऱ्या वर्गाचं एकमत होतं. निवृत्तीच्या दिवशी मुलांनी त्यांना कमरेचा पट्टाच भेट दिला होता, आणि पराग त्यावर भाषणही करून मोकळा झाला होता.

तो पट्टा समोरच होता. दार न लागणाऱ्या कपाटाला गुंडाळलेला.

पराग हात मागे घेऊन उभा राहिला.

दुसरी पायरी पार पडली. बाईंना सहा मिनिटं लागली. तिसरी ओळ त्यांनी वाचली. “‘आता नेहमीची फाइल उघडा.’”

त्या थांबल्या.

“नेहमीची म्हणजे?”

“म्हणजे ती... सेटिंगची. सगळ्यांना माहीत असते.”

“कुणाची नेहमीची?”

परागची नेहमीची. त्याच्या लॅपटॉपवरची, त्याच्याच नावाच्या कप्प्यातली. आठ वर्षं तो ती उघडत आला होता. नऊ जणांच्या मशीनवरही त्यानेच उघडली होती. ती दुसऱ्या कुणाला शोधावी लागेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

“बाई, डावीकडे वर जा. नाही, त्याच्या खाली. तिथे नाही हो! तो दुसरा कप्पा, त्यातला...”

“हात बांधले तर तोंड सुटलं.” बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “त्यालाही किल्ली देऊ का एखादी?”

पराग ओठ मिटून उभा राहिला.

पुढचा पाऊण तास त्याने कसा काढला ते त्यालाच ठाऊक. बाईंनी चुकीचा कप्पा उघडला. त्यातली फाइल उघडली, वाचली, बंद केली. वहीत काहीतरी लिहून घेतलं. पुन्हा तोच कप्पा उघडला. पडद्यावर लाल अक्षरांत तक्रार उमटली. पराग ती एका नजरेत वाचून मोकळा झाला, एका स्वल्पविरामाची चूक होती. बाई मात्र ती ओळ बोट ठेवून वाचत होत्या. दोनदा. मग तिसऱ्यांदा.

किल्ल्या त्याच्या तळहातात रुतायला लागल्या. एक स्वल्पविराम! सांगितला तर अर्ध्या सेकंदाचं काम. त्याला बाईंचा राग आला. मग त्यांच्या बोटाचा. मग मशीन बनवणाऱ्याचा. सव्वातीन, साडेतीन. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून तो घड्याळाकडेच बघत होता.

“विचारा ना मला,” तो शेवटी म्हणाला.

“अडले की विचारीन.”

“अडल्याच आहात!”

“मी वाचतेय.”

बाईंना स्वल्पविराम सापडला. “अरेच्चा,” म्हणाल्या, आणि तो घातल्यावर समाधानाने पाठ टेकून बसल्या. सापडलेल्या स्वल्पविरामाचा एवढा आनंद परागने कधी पाहिला नव्हता. त्याने नागपुरात आणि गोव्यात मिळून असे शंभरेक स्वल्पविराम लोकांना घालून दिले होते. त्यांतला एकही माणूस असा टेकून बसला नव्हता.

हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला बरं वाटलं नाही.

मग बाईंनीच विचारलं, “हे चौथ्या पायरीचं ‘कुठे कुठे ऐकायचं’ म्हणजे काय रे?”

पराग सांगायला लागला. हात मागे, त्यामुळे बोटाने दाखवता येईना. पडद्यावर काय दिसतंय ते शब्दांत सांगावं लागलं. सांगता सांगता त्याला कळलं, की ही गोष्ट आपण आजवर कुणाला समजावून सांगितलेलीच नाही. नुसती करून दाखवलीय. पहिलं वाक्य त्याने मोडलं. दुसरं मोडलं. तिसऱ्याला बाई “हां” म्हणाल्या.

ते “हां” त्याला गोड लागलं.

साडेचार वाजता मागोवा सुरू झाला.

बाईंनी एका पुस्तकाचं नाव टाकलं. पडद्यावर एकेक ओळ उतरू लागली. पहिलं मशीन, दुसरं मशीन, आणि मग एक लांबलचक रेघ. तिच्यासमोर लिहिलेलं, ‘तीस सेकंद. उत्तराची वाट.’

“डिस्क,” पराग घाईने म्हणाला. “जुनी डिस्क आहे, मी म्हटलंच...”

“डिस्क नाही.” बाई पुढे वाकल्या. “कुणाच्या उत्तराची वाट?”

त्यांनी ती रेघ उघडली. तिथे तिसऱ्या एका मशीनचं नाव होतं.

बाई हसायला लागल्या. चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा हसल्या.

“अरे, हे मशीन वीज पडून जळलं! दोन वर्षं झाली. भंगारवाल्याकडे दिलं मी ते. आणि हे दोघं बिचारे अजून प्रत्येक वेळी आधी त्याला विचारतायत. तीस सेकंद वाट बघतात, मग नाद सोडतात.”

परागही हसला. अगदी मोठ्याने, पोट धरावंसं वाटलं, पण हात मोकळे नव्हते. तिसरं मशीन होतं हेच त्याला माहीत नव्हतं. तो बसला असता त्या खुर्चीवर, तर त्याने डिस्क बदलायला सांगितलं असतं आणि बाईंनी ती बदललीही असती. जे त्याला दिसणं शक्य नव्हतं, ते त्याच्या मागोव्याने बाईंना दाखवलं होतं. आठ वर्षांत त्याला इतका आनंद झाला नव्हता. तो खिडकीकडे बघत राहिला.

बाईंनी यंत्रांच्या यादीतून त्या तिसऱ्याचं नाव काढून टाकलं. पुस्तकाचं नाव पुन्हा टाकलं. उत्तर लगेच आलं.

“झालं,” त्या म्हणाल्या. “बस आता तुझ्या फॉर्मपाशी. पाच वाजले.”

परागने जुडगा टेबलावर ठेवला. दोन्ही तळव्यांवर किल्ल्यांचे वळ उमटले होते. तो लॅपटॉपसमोर बसला, आणि त्याचे हात, आता मोकळे असूनही, मांडीवरच राहिले.

‘वापरणारे : नऊ.’

तो त्या आकड्याकडे बघत होता. नऊ म्हणजे तसे कमीच. समितीला पंधरा-वीस तरी आवडले असते. तरी नऊ बरे दिसत होते. बाजूला बाईंचं नाव आलं, की कुणी खोदून विचारणारही नाही.

“बाई, नाव घालू ना तुमचं?”

“कुठे?”

“शिकवणाऱ्यांत.”

“मी कुठे शिकवलं? मी शिकले. तो रकाना आहे का?”

“नाही.”

“मग राहू दे.”

आणि त्या शेंगांचं ताट घेऊन पुन्हा बसल्या. जशा काही मधले तीन तास झालेच नव्हते.

परागने पूर्वतयारीच्या अकरा गोष्टी खोडल्या. तिथे लिहिलं, ‘स्वतःचं एक रेंगाळणारं काम घेऊन यावं.’ वेळापत्रकात ‘प्रशिक्षक सर्वांच्या यंत्रांवर मागोवा बसवून देतील’ अशी ओळ होती. ती काढली. तिथे काय लिहावं हे बराच वेळ सुचेना. शेवटी लिहिलं, ‘प्रशिक्षक यंत्रांना हात लावणार नाहीत. विचारलं तर सांगतील.’ वाचताना त्यालाच ते विचित्र वाटलं. समितीला तर वेडेपणाच वाटेल.

पाच वाजून एकवीस मिनिटं.

राहिला तो आकडा. त्याने नऊ खोडला. पुन्हा लिहिला. पुन्हा खोडला. आठ वर्षं, आणि खरा आकडा हा? हा पाठवला तर परत येणार, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. परत आला तर जूनमध्ये सगळं संपणार, हेही दिसत होतं.

बाई शेंगा निवडत होत्या. शेंगेची शीर ओढल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता...

पाच सव्वीसला परागने लिहिलं.

‘वापरणारे : एक. सुमन शिंगटे, वाचनालयाचं काम, फलटण. यांनी मागोवा स्वतः बसवला आणि मला न सुचलेला दोष तीन तासांत शोधला.’

शिकवणारे या रकान्यात एकच नाव ठेवलं. स्वतःचं.

आणि कळ दाबली.

प्रस्ताव गेला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्याचा पाय टेबलाखाली स्थिर होता. काय होईल ते त्याला माहीत नव्हतं, आणि भीतीही गेली नव्हती. पण अंघोळीच्या वेळी आठवणारी ती ओळ आज त्याने पहिल्यांदा नीट वाचल्यासारखं वाटत होतं.

“येतो, बाई.” तो उठला, पाया पडला. टेबलावरचा जुडगा उचलून त्याने हातात तोलून पाहिला. “हा... मी घेऊन जाऊ?”

“जा की घेऊन.”

“प्रयोगशाळेतल्या आहेत ना या? कुठल्या कुलपाच्या?”

बाईंनी शेवटची शेंग मोडली.

“कुलपाच्या नाहीत रे,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातांच्या आहेत.”